सेफ्टी कंट्रोलर अधूनमधून ट्रिप होतो, रिसेट मारला की चालतो: दोष आउटपुटच्या वायरिंगचा की नेटवर्कचा?

लाइन व्यवस्थित चालू असते. गेट बंद, लाइट कर्टनमध्ये (प्रकाशकिरणांच्या सुरक्षा-पडद्यात) कोणाचा हात नाही, इमर्जन्सी कोणी दाबलेली नाही. तरी सेल अचानक थांबतो आणि एचएमआयवर (ऑपरेटरच्या स्क्रीनवर) 'सेफ्टी फॉल्ट' एवढंच येतं. ऑपरेटर रिसेट दाबतो, सेल चालू होतो. तास-दोन तास बरे जातात, मग पुन्हा तेच. मेंटेनन्सचा माणूस पॅनेलपाशी पोचेपर्यंत सगळे एलईडी हिरवे झालेले असतात आणि बघायला काही उरत नाही.

चाकणपासून वाळूजपर्यंत जिथे जिथे सेफ्टी पीएलसी (म्हणजेच सेफ्टी कंट्रोलर) आणि फील्डमध्ये, मशीनजवळ, रिमोट आय-ओ (इनपुट-आउटपुट मॉड्यूल) आहे, तिथे हे दुखणं कधी ना कधी येतंच. त्यावरचे उपायही ठरलेले आहेत: आधी मॉड्यूल बदला, मग केबल बदला, मग वॉचडॉगचा टाइम (संदेशाची वाट बघण्याची मर्यादा) वाढवा, आणि प्रॉडक्शनवाले डोक्यावर उभे राहिले की फीडबॅकला, म्हणजे पॉवर तोडणारा कॉन्टॅक्टर खरंच सुटला हे सांगणाऱ्या सिग्नलला, लूप मारा (वायरने कायमचा जोडून टाका). यातला शेवटचा उपाय कोणत्याही परिस्थितीत करू नका. फीडबॅकला लूप मारला की कॉन्टॅक्टरचे कॉन्टॅक्ट चिकटले तरी कंट्रोलरला ते कळत नाही. त्याच दिवशी कोणी फिक्स्चरमध्ये वाकून काम करत असेल, तर त्याच्या आणि मशीनच्या मध्ये काहीही उरलेलं नसतं. बाकीचे उपाय एवढे घातक नाहीत (वॉचडॉग वाढवण्याची किंमत पुढे येतेच), पण त्यात वेळ आणि पैसा जातो, कारण दुखणं कुठलं आहे हेच ठरलेलं नसतं.

'सेफ्टी फॉल्ट' या एका संदेशामागे दोन अगदी वेगळे आजार असतात. एक, आउटपुट चॅनेलने स्वतःची चाचणी घेतली आणि ती नापास झाली. दोन, कंट्रोलर आणि रिमोट आय-ओ यांच्यातलं सुरक्षित संभाषण ठरलेल्या वेळेत पोचलं नाही. दोन्हींत आउटपुट शून्यावर जातं, म्हणून बाहेरून सारखंच दिसतं. हे दोन वेगळे केल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नये. आणि आउटपुटचा दोष निघाला, तर मॉड्यूलकडे शेवटी बघावं. आधी शून्य व्होल्टची परतीची वाट तपासावी, कारण बहुतेक वेळा गडबड तिथेच सापडते.

रिसेटच्या आधीचा एक मिनिट

ऑपरेटरला एकच गोष्ट शिकवा: सेल थांबला की रिसेट दाबण्याआधी मोबाइलवर आय-ओ मॉड्यूलच्या एलईडींचा फोटो काढायचा. कोणत्या चॅनेलचा दिवा लाल आहे, मॉड्यूलचा दिवा लाल आहे की फक्त बस फॉल्टचा चमकतोय, एवढं त्या फोटोत येतं आणि अर्धं काम होतं. रिमोट आय-ओ बॉक्स फिक्स्चरच्या मागे असेल, तर त्याच्या झाकणाला पारदर्शक खिडकी बसवून घ्या.

मग डायग्नोस्टिक बफर (कंट्रोलरची फॉल्टची नोंदवही) उघडा. त्यात वेळेचा क्रम बघायचा असतो. चॅनेलचा फॉल्ट आधी आणि कम्युनिकेशन शेवटपर्यंत शाबूत असेल, तर वायरिंगकडे चला. कनेक्शन तुटल्याची नोंद आधी असेल आणि नंतर त्या स्टेशनची सगळी आउटपुट एकदम पॅसिव्हेट झाली (सक्तीने शून्यावर गेली) असतील, तर नेटवर्ककडे. दोन्ही नोंदी एकाच क्षणाच्या असतील, तर मॉड्यूलचा सप्लायच गेलेला असतो. तिथे ना आउटपुटचा दोष ना नेटवर्कचा. एसएमपीएस (२४ व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय), फ्यूज आणि २४ व्होल्टची टर्मिनल्स बघा. हा क्रम कळायचा तर कंट्रोलर, ड्राइव्ह (मोटर चालवणारं युनिट) आणि एचएमआय यांची घड्याळं जुळलेली हवीत. बऱ्याच लाइनवर एचएमआय पंधरा मिनिटं पुढे आणि ड्राइव्ह कित्येक वर्षं मागे असतो. टाइम सिंक आधी लावून घ्या, नाहीतर लॉग वाचून गोंधळ वाढतो.

फॉल्टची वेळ यंत्राच्या हालचालीशीही जुळवून बघा. स्पॉट वेल्डिंगच्या एका सेलवर फॉल्ट यायचा तो फक्त टर्नटेबलची बी-साइड आत फिरताना. ए-साइडला कधीच नाही. ही एवढी नोंद हातात आली आणि शोधायची जागा सेलभरातून एका केबलवर आली. मॉड्यूल खराब असतं तर त्याला ए आणि बी यांतला फरक कळला नसता.

आउटपुट आतून काय करत असतं

साधं आउटपुट चालू केलं की चालू राहतं. सेफ्टी आउटपुट चालू असतानाही स्वतःला मधूनमधून अगदी थोडा वेळ बंद करून बघतं आणि टर्मिनलवरचा व्होल्टेज खरंच उतरला का ते परत वाचतं. याला डार्क टेस्ट म्हणतात. पल्सची रुंदी बहुधा एक मिलिसेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, त्यामुळे कॉन्टॅक्टरची कॉइल ती जाणवूही देत नाही. काही मॉड्यूल आउटपुट बंद असताना क्षणभर चालू करून बघतात, ती लाइट टेस्ट. दोन चॅनेलच्या पल्स एकाच वेळी येत नाहीत, पुढेमागे येतात, म्हणून दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तरी पकडल्या जातात. २४ व्होल्टला किंवा शेजारच्या वायरीला चिकटलेला चॅनेल या चाचणीत सापडतो. आणि ही चाचणी आहे म्हणूनच आयएसओ १३८४९-१ या मशीन-सुरक्षेच्या मानकातल्या सर्वांत वरच्या कॅटेगरी ४ आणि पीएल ई (परफॉर्मन्स लेव्हल ई) पर्यंत जाता येतं.

वायरिंगच्या दृष्टीने आउटपुट कोणत्या जातीचं आहे हे आधी मॉड्यूलच्या मॅन्युअलमधल्या आकृतीवरून नक्की करा. पी-पी प्रकारात दोन्ही स्विच अधिक २४ व्होल्टच्या बाजूला असतात आणि लोडचं दुसरं टोक सरळ शून्याच्या पट्टीवर जातं. पी-एम प्रकारात एक स्विच अधिकच्या बाजूला आणि दुसरा शून्याच्या बाजूला असतो. इथे लोड पी आणि एम या दोन टर्मिनलच्या मधेच यायला हवा, आणि एम टर्मिनलचा शून्याच्या पट्टीशी बाहेरून कुठेही संबंध येता कामा नये.

पॅनेल बनवणारा वायरमन मात्र आयुष्यभर कॉइलचं ए-२ टोक निळ्या वायरने शून्याच्या कॉमनला जोडत आलेला असतो. पी-एम मॉड्यूलवरही हात तसाच चालतो. मग दोनपैकी एक होतं. मॉड्यूल लगेच फॉल्ट दाखवतं, किंवा चाचणी बंद ठेवलेली असेल तर काहीच दाखवत नाही आणि एम स्विच नुसता शोभेला उरतो. दुसरी शक्यता जास्त वाईट: ड्रॉइंगवर दोन स्विच, प्रत्यक्षात एकच.

व्हॉल्व्ह आयलंडला (एकत्र बसवलेल्या व्हॉल्व्हच्या गटाला) पी-एम आउटपुटवरून सुरक्षित सप्लाय देताना हीच चूक झाकून राहते. पॅनेलमध्ये वायरिंग अगदी बरोबर असतं, एम स्वतंत्र आणलेला असतो. पण आयलंडच्या आत इलेक्ट्रॉनिक्सचं शून्य आणि व्हॉल्व्हचं शून्य एकच असेल, तर एम तिथे जाऊन शून्याला मिळतो. आयलंडच्या डेटाशीटमध्ये दोन्ही सप्लाय एकमेकांपासून पूर्ण वेगळे आहेत असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर त्याला पी-एम जोडू नका. तिथे शून्य सामायिक चालणारं पी-पी आउटपुट वापरा.

आता त्या बी-साइडच्या केबलकडे. मॉड्यूलचा संदेश होता एम लाइन शून्याला शॉर्ट. पॅनेलमध्ये सगळं ठीक होतं. टर्नटेबलखालच्या जंक्शन बॉक्सवर केबल ज्या ग्लँडमधून आत जात होती, त्या ग्लँडचं रबर वेल्डिंगच्या ठिणग्यांनी कडक होऊन फुटलं होतं. टेबल फिरलं की केबल थोडी ओढली जायची आणि एमच्या वायरीचं इन्सुलेशन बॉक्सच्या पत्र्याच्या कडेवर घासायचं. सोलून बघितल्यावर इन्सुलेशनवर नखाने ओरखडा काढावा एवढीच खूण दिसली, आत तांब्याची एक तार चमकत होती. मशीनच्या २४ व्होल्टचं शून्य एका ठिकाणी अर्थ केलेलं असतं आणि पत्राही अर्थ. म्हणजे तार पत्र्याला टेकली की एम शून्याला शॉर्ट. मॉड्यूलने अक्षरशः खरं तेच सांगितलं होतं, पण त्याच्या सांगण्यावरून आधी मॉड्यूलच बदललं गेलं होतं.

असा दोष शोधायला सेल लॉकआउट करून (पॉवर तोडून कुलूप लावून) लोड आणि मॉड्यूल दोन्हीकडून वायर सोडवा, मल्टिमीटर ओहमवर लावून मिन-मॅक्स रेकॉर्डिंग चालू करा आणि केबल संपूर्ण लांबीत हलवा, वाकवा, टेबल हाताने फिरवा. मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) वापरायचा असेल तर वायर दोन्ही टोकांना सुटी असलीच पाहिजे. ५०० व्होल्टचा मेगर जोडलेल्या मॉड्यूलवर मारला तर नवा खर्च उभा राहतो. एम-१२ (गोल, आट्यांचा) कनेक्टर असेल तर पिनांवर हिरवट थर आहे का बघा. पावसाळ्यात, साप्ताहिक सुट्टीनंतर लाइन गार पडलेली असताना पहिल्या तासात येणारे क्रॉस-फॉल्ट (दोन वायरींमधले शॉर्ट) बहुधा इथलेच. कनेक्टर नुसता पुसून चालत नाही, बदला, आणि नवा ठरलेल्या टॉर्कने आवळा. हाताने 'बसला' वाटणारा एम-१२ आयपी ६७ (धूळ-पाण्यापासून बंद) नसतो.

फॉल्ट 'शॉर्ट टू २४ व्होल्ट' म्हणतो, पण शॉर्ट कुठेच नाही

ही तक्रार ड्राइव्हच्या एसटीओ (सेफ टॉर्क ऑफ, म्हणजे मोटरचा टॉर्क बंद करणाऱ्या) इनपुटवर सगळ्यात जास्त येते. कारण असं: एसटीओ इनपुटला करंट अगदी थोडा लागतो आणि आत फिल्टरचा कपॅसिटर असतो. त्यात लांब केबलचा कपॅसिटन्स मिसळतो. डार्क टेस्टमध्ये मॉड्यूल स्विच उघडतं, पण लाइनमध्ये साठलेला चार्ज उतरायला वाटच नसते. मॉड्यूल वाचतं, व्होल्टेज अजून वरच आहे, आणि निष्कर्ष काढतं की कुठून तरी २४ व्होल्ट येतायत.

हिशोब करून बघा. लाइनवर एकूण ०.१ मायक्रोफॅरड आणि लोड १० किलोओहम धरला, तर टाइम कॉन्स्टंट १ मिलिसेकंद येतो. म्हणजे १ मिलिसेकंदाच्या पल्समध्ये २४ व्होल्ट उतरून जेमतेम ८.८ पर्यंत येतात. लोडला समांतर १ किलोओहमचा रेझिस्टर लावला तर टाइम कॉन्स्टंट ०.१ मिलिसेकंदाच्या खाली जातो आणि व्होल्टेज पल्स संपायच्या आत जवळजवळ शून्याला पोचतो. त्या रेझिस्टरमधून २४ मिलिअँपिअर वाहतात, ०.५८ वॅट उष्णता होते, तेव्हा किमान २ वॅटचा घ्या आणि तो ड्राइव्हच्या टोकाला, टर्मिनलमध्ये नीट फेरूल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) लावून बसवा. मॉड्यूल आणि ड्राइव्ह दोघांच्याही मॅन्युअलमध्ये याला परवानगी आहे हे आधी बघा. वायर ब्रेक डिटेक्शन चालू असेल आणि लोड फारच हलका म्हणून खोटा 'वायर ब्रेक' येत असेल, तर त्यावरही हाच उपाय लागू पडतो.

दुसरा रस्ता म्हणजे रीडबॅकचा (व्होल्टेज परत वाचण्याचा) वेळ वाढवणं. सीमेन्सच्या ईटी २००एसपी घराण्यातल्या फेलसेफ आउटपुटवर डार्क टेस्टचा कमाल रीडबॅक टाइम पॅरामीटरमधून बदलता येतो, इतरांकडेही अशा सोयी आहेत. पण हा वेळ वाढवला की पल्सही तेवढी रुंद होऊ शकते, आणि दुसऱ्या टोकाला चपळ लोड असेल तर तो खरंच बंद होतो. सॉलिड स्टेट रिले, झटपट चालणारे व्हॉल्व्ह, ड्राइव्हचं एसटीओ: प्रत्येकाला किती रुंदीची पल्स चालते हे त्याच्या डेटाशीटमध्ये असतं. दोन्ही उपकरणांचा मेळ बसतो का हे बघायला जर्मनीच्या झेडव्हीईआय या उद्योगसंघटनेचं सीबी २४ आय हे वर्गीकरण उपयोगी आहे. त्यात २४ व्होल्टच्या चाचणीवाल्या इंटरफेसचे प्रकार ठरवून दिले आहेत. दोन डेटाशीटवर प्रकार लिहिलेला असेल तर खरेदीच्या वेळीच निकाल लागतो.

या पल्स मल्टिमीटरला दिसत नाहीत, ऑसिलोस्कोप लागतो. आणि इथे एक सावधगिरी: मेन्सवर चालणाऱ्या स्कोपची अर्थ क्लिप पी-एम आउटपुटच्या एमला लावू नका. क्लिप अर्थ, शून्यही अर्थ, म्हणजे तुम्हीच एम शॉर्ट केलात आणि मापताना नवा फॉल्ट उभा केलात. बॅटरीवरचा हँडहेल्ड स्कोप किंवा डिफरन्शियल प्रोब घ्या.

फीडबॅकचा फॉल्ट आणि सप्रेसरचा डायोड

कॉन्टॅक्टर के-१ आणि के-२ पॉवरमध्ये सिरीजला, दोघांचे मिरर कॉन्टॅक्ट (मुख्य कॉन्टॅक्ट चिकटला तर बंद न होणारे सहायक कॉन्टॅक्ट) सिरीजने फीडबॅक इनपुटला. आउटपुट बंद झाल्यावर ठरलेल्या वेळेत फीडबॅक परत आला नाही की ट्रिप. हे आवर्ती दुखणं ब्रेकडाऊननंतर सुरू झालं असेल, तर कॉइलवरचा सप्रेसर (कॉइल बंद होतानाचा व्होल्टेजचा झटका शोषणारा भाग) बघा. मूळ कॉन्टॅक्टरवर व्हॅरिस्टर असतो. बदलताना स्टोअरमध्ये असेल तो, बहुधा साधा डायोड, खोचला जातो. व्हॅरिस्टरने कॉन्टॅक्टर सुटायला काही मिलिसेकंद जास्त लागतात. साध्या डायोडने तोच वेळ कितीतरी पट होतो. कॅटलॉगमध्ये सहा ते दहा पट असे आकडे दिसतात.

म्हणून फीडबॅकचा टाइम वाढवून ट्रिप घालवणं हा उपाय नाही. सुटायला १० ऐवजी ८० मिलिसेकंद लागले, तर मशीन ७० मिलिसेकंद उशिरा थांबायला लागतं. आयएसओ १३८५५ प्रमाणे लाइट कर्टनचं अंतर काढताना हाताचा वेग सेकंदाला २००० मिमी धरतात, ५०० मिमीच्या पुढच्या अंतराला १६००. म्हणजे त्या एका डायोडमुळे कर्टन १४० मिमी मागे सरकायला हवा होता, आणि तो जागचा हललेला नाही. योग्य सप्रेसर बसवा आणि स्टॉप टाइम पुन्हा मोजा. बदलीचा कॉन्टॅक्टर मिरर कॉन्टॅक्टवाला आहे याचीही खात्री करा, आयईसी ६०९४७-४-१ मधली. बाजूला लावलेला वाटेल तो ऑक्झिलरी ब्लॉक यात चालत नाही.

सप्लाय आणि शून्य

इथे लोक घाईने पुढे जातात, कारण 'व्होल्टेज तर आहे'. पॅनेलवर आहे, पण फिक्स्चरवर किती आहे? ०.७५ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण ०.०२४५ ओहम. ३० मीटर दूरच्या बॉक्सला जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे दीड ओहमच्या जवळपास. एका वेळी चार क्लॅम्पचे व्हॉल्व्ह ओढले आणि करंट २ अँपिअर झाला की जवळजवळ ३ व्होल्ट वाटेतच जातात. २४ व्होल्टच्या पीएलसी सप्लायची आयईसी ६११३१-२ मधली खालची मर्यादा २०.४ व्होल्ट आहे. एसएमपीएस २३.५ वर बसलेला असेल, टर्मिनल एखाद-दुसरं सैल असेल, तर मॉड्यूल काठावरच चाललेलं असतं. एसएमपीएसच्या टर्मिनलवर मोजून समाधान मानू नका. मॉड्यूलच्या पिनवर मोजा, मिन-होल्ड लावून, मशीन चालू असताना. मॉड्यूलच्या इलेक्ट्रॉनिक्सचा सप्लाय व्हॉल्व्ह आणि ब्रेक कॉइल यांच्यापासून वेगळा ओढला तर हा प्रश्न मुळातूनच जातो.

शून्याच्या वायरीला मात्र वेगळी भीती आहे. मॉड्यूलचं शून्य सैल झालं आणि लोडचं शून्य दुसऱ्या वाटेने शाबूत राहिलं, तर मॉड्यूलमधला गळती करंट लोडमधून वाट काढतो. बारीक कॉइलचा रिले तेवढ्यावर धरून राहू शकतो. म्हणून शून्य डेझी चेनने एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर नेऊ नका, एका पट्टीवरून प्रत्येकाला स्वतंत्र न्या. एका फेरूलमध्ये दोन वायरी दाबून कोंबलेल्या दिसल्या तर त्या तिथल्या तिथे वेगळ्या करा. मॉड्यूलच्या मॅन्युअलमध्ये शून्याला दोन टर्मिनल दिली असतील, तर दोन्हींना वायर हवी.

कनेक्शन तुटतंय: नेटवर्कची बाजू

सुरक्षित संभाषणाचा प्रोटोकॉल प्रोफिसेफ असो, सीआयपी सेफ्टी असो की ईथरकॅटवरचं एफएसओई, तत्त्व एकच. मधल्या केबल, स्विच, राउटर यांच्यावर कोणताही भरवसा ठेवायचा नाही. सुरक्षित डेटासोबत सीआरसी (डेटा बिघडला का ते पकडणारा अंक), क्रमांक किंवा टाइमस्टॅम्प, पत्ता आणि वेळेची मर्यादा जाते. यातलं काही चुकलं की घेणारा स्वतः शून्यावर जातो. म्हणून खराब केबलमुळे माणसाला धोका होत नाही, उत्पादन मात्र थांबतं.

आधी वेळा बघा. सीमेन्सच्या टीआयए पोर्टल सॉफ्टवेअरमध्ये एफ-मॉनिटरिंग टाइम (म्हणजेच वॉचडॉग) डिफॉल्ट १५० मिलिसेकंद असतो. रॉकवेलच्या गार्डलॉजिक्स कंट्रोलरमध्ये १० मिलिसेकंद आरपीआय (डेटा पाठवण्याचं अंतर) असलेल्या सेफ्टी इनपुट कनेक्शनची डिफॉल्ट मर्यादा ४०.१ मिलिसेकंद येते. त्याच सेफ्टी टॅबवर 'मॅक्स ऑब्झर्व्हड नेटवर्क डिले' दिसतो. तो रिसेट करून एक शिफ्ट जाऊ द्या आणि वाचा. मर्यादेच्या खूप खाली असेल आणि तरी ट्रिप झाला असेल, तर संथ नेटवर्क नव्हे, एखादा कनेक्टर क्षणभर सुटतोय. हळूहळू मर्यादेला भिडत असेल, तर नेटवर्कवर गर्दी आहे.

गर्दीचं कारण बऱ्याचदा आय-ओच्या बाहेरचं असतं: वेल्डिंग बघायला लावलेला आयपी कॅमेरा, ट्रेसेबिलिटीचा पीसी, कोणीतरी जवळ पडला म्हणून त्याच स्विचमध्ये खोचलेला लॅपटॉप. मॅनेज्ड स्विच असेल तर प्रत्येक पोर्टचे सीआरसी एरर आणि डिस्कार्ड (टाकून दिलेली पॅकेट) वाचा. सीआरसी वाढत असेल तर ती केबल किंवा कनेक्टर. डिस्कार्ड वाढत असेल तर गर्दी. एका बाजूला ऑटो-निगोशिएशन आणि दुसऱ्या बाजूला फिक्स्ड १०० फुल डुप्लेक्स ठेवलं असेल, तर लिंक जुळते पण लोड वाढला की पॅकेट गळतात. अनमॅनेज्ड स्विचवर यातलं काहीच दिसत नाही, आणि सेफ्टीच्या लाइनवर तो वाचवलेला पैसा पहिल्याच ब्रेकडाऊनला हातचा जातो.

केबलचं बोलायचं तर तांब्यावर १०० मीटरची मर्यादा सगळ्यांना पाठ असते. ड्रॅग चेनमध्ये (हलणाऱ्या केबल नेणाऱ्या साखळीत) साध्या सॉलिड कोअरची पॅच केबल घातलेली मात्र नेहमी सापडते. ती काही महिन्यांत आतून तुटते आणि ठरावीक स्थितीतच उघडते. ड्राइव्हच्या मोटर केबलशेजारून, एकाच ट्रेमधून नेटवर्क नेऊ नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. जागेवर क्रिम्प केलेले आरजे-४५ वेल्डिंग सेलमध्ये टिकत नाहीत. फिक्स्चरवर मोल्डेड एम-१२ हवेत. १०० मेगाबिटला डी-कोडिंग, गिगाबिटला एक्स-कोडिंग.

रिंग टोपोलॉजीकडे (वर्तुळात जोडलेल्या नेटवर्ककडे) मुद्दाम लक्ष द्या. 'रिंग आहे, एक केबल तुटली तरी चालेल' असं धरून चाललेल्या लाइनी केबल तुटल्यावर थांबतातच. प्रोफिनेटवरच्या एमआरपी रिंगला वाट बदलायला २०० मिलिसेकंदांपर्यंत लागू शकतात. १५० मिलिसेकंदांचा एफ-वॉचडॉग त्याआधीच संपतो. साधा आय-ओ वॉचडॉग तर तीन अपडेट सायकलींचा, म्हणजे त्याच्याही कितीतरी आधी. ईथरनेट आय-पीवरची डीएलआर रिंग काही मिलिसेकंदांत सावरते, तिथे हा प्रश्न सहसा येत नाही. सारखा ट्रिप होणाऱ्या एमआरपी लाइनवर रिंग मॅनेजरच्या लॉगमध्ये रिंग उघडल्या-मिटल्याच्या नोंदी बघा. एक सैल प्लग पूर्ण लाइन वारंवार पाडत असतो आणि दोष भलत्याच स्टेशनच्या नावावर जातो.

वॉचडॉग वाढवायचा मोह इथेच होतो. वाढवता येतो, पण फुकट नाही. १५० चा ३०० केला तर सर्वांत वाईट प्रसंगात प्रतिसाद तेवढाच लांबतो. १६०० मिमीच्या वेगाने ते २४० मिमी होतात. रिस्क असेसमेंट करणाऱ्याच्या सहीशिवाय हा आकडा बदलू नका.

मॉड्यूल बदलल्यावर कनेक्शनच उभं राहत नसेल, तर ते नेटवर्कचं दुखणं नाही, ओळखीचं आहे. प्रोफिसेफमध्ये एफ-ॲड्रेस (मॉड्यूलचा सेफ्टी पत्ता) डीआयपी स्विचने, कोडिंग एलिमेंटने किंवा सॉफ्टवेअरने द्यावा लागतो आणि नेटवर्कभर वेगळा असावा लागतो. सीआयपी सेफ्टीमध्ये मॉड्यूल जुना सेफ्टी नेटवर्क नंबर आणि जुना मालक लक्षात ठेवतं. दुसऱ्या लाइनवरून काढून आणलेलं मॉड्यूल ओनरशिप रिसेट करून 'आउट ऑफ बॉक्स' अवस्थेत नेल्याशिवाय नव्या कंट्रोलरला जुमानत नाही. स्टोअरमध्ये ठेवतानाच रिसेट करून, तसं लेबल लावून ठेवलं तर रात्रपाळीला धावपळ होत नाही.

दुरुस्तीनंतर

दोष सापडला, वायर बदलली, सेल चालू झाला. पण सही करण्याआधी त्या चॅनेलची मुद्दाम खोड काढा. सेल रिकामा, गेट लॉकआउट, आणि मग एकेक: एमची वायर सोडवा, पी शेजारच्या चॅनेलला टेकवा, के-१ चा फीडबॅक उघडा, नेटवर्कचा प्लग उपसा. प्रत्येक वेळी योग्य तोच फॉल्ट, योग्य त्याच चॅनेलवर यायला हवा आणि आपोआप चालू न होता रिसेट मागायला हवा. पॅसिव्हेशननंतर आपोआप रीइंटिग्रेशन (आउटपुट पुन्हा चालू होणं) चालू ठेवलेलं सापडलं तर ते बंद करा. कनेक्टर सुटून पुन्हा बसला म्हणून क्लॅम्प हलता कामा नये.

सेफ्टी प्रोग्रॅम किंवा पॅरामीटर बदलला असेल, तर नवी सिग्नेचर (सेफ्टी प्रोग्रॅमची ओळख सांगणारा आकडा) तारखेसह पॅनेलच्या दारावरच्या कागदावर आणि बॅकअपच्या फोल्डरवर लिहा. जुनी खोडू नका, तिच्यावर एक रेघ मारा. कॉन्टॅक्टर किंवा सप्रेसर बदलला असेल तर मोजलेला स्टॉप टाइमही तिथेच. आणि मिन-मॅक्स लावलेला मीटर लगेच काढून नेऊ नका. तो मॉड्यूलच्या पिनवर आणखी आठवडाभर राहू द्या, मधे एक साप्ताहिक सुट्टी आणि त्यानंतरचा पहिला तास येईल असा.